ताट वेगळे नको, खिडकी उघडी हवी

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात इंदूरच्या एका कुटुंबगटातून प्रश्न आला होता : "घरात मोठं आजारपण आलं की उपासना कशी करावी? भर औषधावर द्यावा की नामावर?" यावर बेळगावच्या आमच्या कुटुंबाने लिहावे असे गटप्रमुखांनी सुचवले. आम्ही विद्वान नाही, डॉक्टर तर नाहीच. पण आमच्या घरात टीबी, म्हणजे क्षयरोग, येऊन गेला. त्यात आम्ही काय चुकलो आणि काय शिकलो, तेवढेच या पाठात मांडत आहोत. आधी दादांना विचारले. ते म्हणाले, "लिहा की. त्यात लाजायचं काय?" पण हे वाक्य त्यांच्या तोंडी यायला सहा महिने लागले, हेही सांगायला हवे.

*१. काय घडले*

आमचे दादा उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतात. वय पन्नाशीला टेकलेलं, गळ्यात माळ, गुरुवारचा सत्संग कधी न चुकवणारे. पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. फाउंड्रीतली धूळ आणि बेळगावची गार हवा, असेल त्यातलंच काहीतरी, म्हणून आम्ही आल्याचा काढा, हळद-दूध चालू केलं. तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी अंग कोमट लागायचं. पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागलं तेव्हा वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. दवाखान्यात थुंकी तपासली, एक्स-रे काढला. टीबी निघाला.

त्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. वहिनींनी एक ताट, एक वाटी, एक पेला बाजूला काढला. चुकून मिसळू नये म्हणून ताटाच्या मागे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. त्यांना असं करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणी अडवलंही नाही. दादांना माडीवरची खोली दिली. पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये यासाठी खिडकी लावून घेतली. सत्संगाच्या गटात "दादांची तब्येत जरा नरम आहे" एवढंच कळवलं.

दादा काही बोलले नाहीत. जेवण झालं की स्वतःचं ताट धुऊन दाराबाहेर पालथं घालून ठेवायचे. आरतीला खाली येणं त्यांनी बंद केलं. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. नवव्या-दहाव्या दिवशी ताट वर गेलं तसंच खाली आलं. वहिनी विचारायला गेल्या तर म्हणाले, "मला रोग झालाय की मी रोग झालोय, ते एकदा ठरवा."

पुढच्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातून आरोग्य कार्यकर्त्या बाई घरी आल्या. त्यांनी ठिपक्याचं ताट पाहिलं, माडीवर जाऊन खोली पाहिली आणि कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "ताटानं टीबी होत नाही हो. वेगळं करायचं नव्हतं ते तुम्ही वेगळं केलंत, आणि उघडायची ती खिडकी बंद करून बसलात!"

आमचा आजचा सगळा पाठ या एका वाक्यात आहे.

*२. आधी आजार समजून घेऊ*

आजार नीट समजला नाही की माणूस भीतीने उपाय शोधू लागतो. म्हणून थोडी माहिती.

टीबी जंतूंमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी त्या जंतूचा शोध जाहीर केला, म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो किंवा गातो, तेव्हा बाहेर पडणारे अगदी बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताट-वाटी, कपडे, हस्तांदोलन, एका पंगतीत जेवण यांतून तो पसरत नाही. म्हणून सुरुवातीला मास्क, खोकताना तोंडावर रुमाल, खेळती हवा आणि ऊन यांना महत्त्व. योग्य औषधं सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. आपल्या रुग्णाबाबत नेमकं कधी मोकळं वागायचं, ते डॉक्टरांना विचारावं.

जुन्या माणसांच्या मनातली भीती मात्र खरी होती. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयानेच गेल्या. तेव्हा या रोगावर औषधच नव्हतं. आमच्या आजीच्या काळी क्षय झाला की मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमला पाठवत, आणि पाठवणारे मनातून निरोप देऊनच पाठवत.

पुढे औषधं आली. मग प्रश्न आला : रुग्णाला महिनोन्‌महिने सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं का? १९५६ मध्ये मद्रासला याचा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांवर सॅनेटोरियममध्ये आणि काहींवर त्यांच्या साध्या, गर्दीच्या घरांत उपचार केले. औषधं तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तेवढेच बरे झाले, आणि ते घरी राहिले म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. या अभ्यासानंतर जगभर घरी उपचार करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे घर ही बरं होण्याची जागा आहे, हे सिद्ध होऊन साठ वर्षं उलटून गेली. आमच्या माडीवर मात्र ते पोचलं नव्हतं.

*३. दुसरी चूक : श्रद्धेच्या नावाने*

त्या दिवशी खिडकी उघडली. ताट पुन्हा मांडणीत गेलं. दादा मास्क लावून गच्चीवर आमच्यासोबत बसू लागले. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन चार किलो वाढलं. आणि तिथेच दुसरी चूक झाली.

दादांना वाटलं, गुरुकृपेने आपण बरे झालो, आता गोळ्या कशाला? त्यांनी कुणाला न सांगता तीन दिवस गोळ्या बंद ठेवल्या. आमचाही दोष कमी नाही. "औषधाविना बरे झाले" हे ऐकायला आम्हालाही गोड वाटत होतं. आमच्यातल्या एकाने तर गटासाठी अनुभवकथन लिहायला घेतलं होतं.

सत्संगातले एक वयस्क गुरुबंधू, निवृत्त शिक्षक, त्या संध्याकाळी आले होते. सगळं ऐकून त्यांनी दादांना एवढंच विचारलं, "गोळी शोधून काढायची बुद्धी माणसाला कुणी दिली? मग कृपा गोळीत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" दादा दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले आणि तीन दिवस चुकल्याचं खरं सांगितलं. तिथे कुणी रागावलं नाही. पुढे कसं घ्यायचं ते समजावून दिलं.

कारण समजून घेऊ. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. झपाट्याने वाढणारे जंतू लवकर मरतात, म्हणून माणसाला बरं वाटू लागतं. पण सुस्त पडून राहिलेले जंतू मागे उरतात. मध्येच औषध सोडलं तर ते पुन्हा उठतात, आणि त्यांतून औषधाला न जुमानणारा टीबी होऊ शकतो. त्याचा उपचार अधिक कठीण. तो जंतू घरातल्या लेकरांनाही लागू शकतो. म्हणजे गोळी सोडण्याची किंमत फक्त सोडणारा भरत नाही.

श्रद्धा आणि औषध यांत भांडण नाही, हे आपल्या परंपरेतही दिसतं. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाच्या समासात शरीराच्या रोगांची लांबलचक यादी दिली आहे. शरीर आहे तिथे रोग आहे, हे त्यांनी लपवलं नाही. रमण महर्षींच्या डाव्या हाताला गाठ झाली तेव्हा १९४९ मध्ये त्यावर एकापेक्षा अधिक वेळा शस्त्रक्रिया झाल्या. भक्तांनी आणि डॉक्टरांनी केलेले उपचार त्यांनी होऊ दिले. १९५० मध्ये त्यांनी देह ठेवला. आजार गेला नाही म्हणून त्यांची साधना कमी होती, असं आपण म्हणतो का? मग घरच्या आजाऱ्याला तरी असं का मोजावं?

*४. मग उपासनेचे काम काय?*

जंतू मारणं हे नामाचं काम नव्हे. ते गोळी करते. पण सहा महिने रोज गोळी घ्यायला जे मन लागतं, ते गोळीतून मिळत नाही. तिथे उपासना आणि माणसं लागतात. आम्ही काय केलं, ते क्रमाने देतो.

*नाम आणि गोळी एका वेळी.* सकाळची माळ झाली की लगेच गोळी. वहिनी पाणी घेऊन शेजारी बसायच्या. कॅलेंडरवर खूण पुतणी करायची. जपाची सवय दादांना वीस वर्षांची होती, गोळीची नवी होती. जुन्या सवयीने नवीला हात दिला.

*श्वास, पण शांत.* दादांना कपालभाती, भस्त्रिका आवडायची. डॉक्टरांनी त्या काळात जोराचे प्रकार नको म्हणून सांगितलं. खोकल्यातून रक्त पडत असेल तर तर मुळीच नको. डॉक्टरांना विचारून गच्चीवर मोकळ्या हवेत नुसता सावकाश श्वास घेणं-सोडणं, दहा मिनिटं, एवढंच ठेवलं. याने फुप्फुस बरं होतं असा आमचा दावा नाही. त्यांना झोप चांगली लागू लागली आणि धास्ती कमी झाली, एवढं आम्ही पाहिलं.

*भजन, पण बंद खोलीत नाही.* गाताना कण जास्त बाहेर पडतात, हे कळल्यावर सुरुवातीचे आठवडे दादांनी गुरुवारचं भजन गच्चीवर बसून फोनवर ऐकलं. पलीकडून सगळे त्यांचं नाव घेऊन "दादा, ऐकू येतंय ना?" विचारायचे. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवायचे.

*उपवास थांबवला.* हे सगळ्यात अवघड गेलं. दादांचा गुरुवारचा उपवास अनेक वर्षांचा. पण टीबीत अंगावर मांस चढणं हाही उपचाराचाच भाग आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्यांना औषधोपचाराच्या काळात दरमहा धान्य, डाळ असा शिधा दिला, तर त्या घरांत इतरांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. सुरुवातीच्या महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी दिसले. दादा माळकरी, त्यामुळे अंडी नाहीत. मग डाळ घट्ट केली, मटकी-हरभऱ्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दूध-दही, भाकरीवर तूप. उपवासाऐवजी गुरुवारी त्यांनी एक शिधा गरजू घरी पोचवायचा नेम घेतला. नेम मोडला नाही, फक्त बदलला.

*चूर्ण-काढे विचारून.* गटांतून, नातेवाइकांकडून चूर्ण, भस्म, पुड्या येऊ लागल्या. देणाऱ्यांचं प्रेम खरं होतं. पण टीबीच्या काही औषधांचा यकृतावर ताण येतो, आणि काही औषधं मधुमेहासारख्या इतर आजारांच्या गोळ्यांचा परिणाम कमी-जास्त करतात. म्हणून जे काही आलं ते आधी डॉक्टरांना दाखवलं. ज्यात काय आहे ते कळेना, ते घेतलं नाही. दारू तर कुणीच घेऊ नये.

*आधी माहिती, म्हणजे घाबरगुंडी नाही.* एका गोळीने लघवी नारिंगी-तांबडी होते. आम्हाला माहीत नव्हतं, पहिल्या दिवशी दादा रक्त समजून हादरले. हे नेहमीचं आहे, भ्यायचं कारण नाही. पण डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, अंधुक दिसणं किंवा रंग नीट न ओळखणं, हातापायांना मुंग्या येणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

*५. आजाऱ्याशी बोलताना*

आपण सत्संगी माणसं बोलण्यात फार चुकतो, असं आम्हाला वाटतं. दादांना भेटायला आलेल्यांनी आणि आम्ही स्वतः काय काय म्हटलं, ते आठवलं की आता संकोच वाटतो. "कर्माचे भोग, भोगूनच संपवायचे." "नाम कमी पडलं असेल." "सकारात्मक राहा, रडायचं नाही." बोलणाऱ्याला हे तत्त्वज्ञान वाटतं. अंथरुणावरच्या माणसाला तो आरोप वाटतो. कर्माचा विचार स्वतःच्या बाबतीत करावा, दुसऱ्याच्या खाटेशेजारी बसून करू नये.

मग काय म्हणावं? दादांनाच विचारलं. ते म्हणाले, "काही म्हणू नका. बसा. क्रिकेटचा स्कोअर सांगा. फाउंड्रीत काय चाललंय ते सांगा. मी रडलो तर उठून जाऊ नका." आम्ही ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं.

वहिनींबद्दलही सांगायला हवं. सगळे दादांची विचारपूस करत. त्या रात्री दोनदा उठून बघायच्या, डबा करायच्या, दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि ठिपक्याच्या ताटाचा अपराध मनात घेऊन वावरायच्या. एकदा देवघरात त्या एकट्याच रडताना दिसल्या. त्यानंतर आम्ही ठरवलं : आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांची. माहेरी जावं, नुसतं झोपावं, काहीही. ज्या घरात आजारी माणूस असतो, त्या घरात सांभाळावी लागणारी माणसं दोन असतात.

आणि मन फारच खचलं, जेवण-झोप तुटली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्याला "श्रद्धा कमी" म्हणू नये. तोही उपचाराचा विषय आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

*६. हे माहीत असू द्या*

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम, खोकल्यातून रक्त : यांपैकी काही असेल तर तपासणी करावी. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी सरकारकडून रुग्णाच्या खात्यात पैसे येतात. ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली. घरातल्या सर्वांनी तपासून घ्यावं. ज्यांना आजार नाही, त्यांना तो होऊ नये म्हणून डॉक्टर औषध सुचवू शकतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

*७. आज*

सहा महिने पुरे झाले. शेवटची तपासणी झाली, डॉक्टरांनी औषध थांबवलं. दादा कामावर जातात, मास्क लावून, कारण तिथली धूळ फुप्फुसाला वाईटच. लग्नाची बोलणी करणाऱ्यांना आम्ही मध्येच खरं सांगून टाकलं होतं. त्या स्थळाकडून पुढे फोन आला नाही. वाईट वाटलं. पण पुतणीच म्हणाली, "बाबांना लपवून मला जायचं नव्हतंच." त्या दिवसापासून घरातली कुजबूज संपली, आणि सत्संगाच्या गटातही आम्ही सगळं सांगितलं. त्यानंतर आपल्याच दोन गुरुबंधूंनी आम्हाला वेगळा फोन केला. त्यांच्याही घरी हाच आजार होता, आणि ताटंही वेगळी होती.

ते ताट अजून आमच्या मांडणीत आहे. लाल ठिपका घासून घासून पुसट झालाय. आता ते कुणाच्याही वाट्याला येतं. परवा ते गुरुबंधू मास्तर जेवायला होते, त्यांना आलं.

*या आठवड्याचा अभ्यास (कुटुंबगटात एकत्र बसून करावा)*

१. आपल्या घरात किंवा नात्यात आजारी असलेल्या माणसाचं "वेगळं ताट" कोणतं? ते आजारासाठी आवश्यक आहे की आपल्या भीतीसाठी?

२. आपल्यापैकी कुणी चालू औषध मनाने कमी केलं किंवा सोडलं आहे का? असेल तर या आठवड्यात डॉक्टरांना खरं सांगावं.

३. एका आजारी गुरुबंधूला किंवा भगिनीला भेटावं, नाहीतर फोन करावा. सल्ला एकही देऊ नये. अर्धा तास फक्त ऐकावं.

४. सेवा करणाऱ्या व्यक्तीला एक संध्याकाळ मोकळी करून द्यावी. त्या संध्याकाळी कोण बसणार, ते नाव आजच ठरवावं.

५. रोजच्या जपानंतर घरातल्या आजाऱ्यासाठी मौन प्रार्थना करावी, आणि प्रार्थना झाली की त्याची गोळी झाली का ते विचारावं.

आपले अनुभव गटप्रमुखांकडे पाठवावेत. आजारी व्यक्तीला विचारल्याशिवाय तिचं नाव मात्र गटात टाकू नये.

सर्वांना आरोग्य आणि सोबत लाभो, ही सद्गुरुचरणी प्रार्थना.

आपले,
बेळगावचे एक कुटुंब 🙏